काचबिंदूचं दिव्यांग प्रमाणपत्र: चष्म्याचा नंबर नको, फील्ड टेस्टचा रिपोर्ट न्या

जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढून हिरमुसून परतणाऱ्यांत काचबिंदूची माणसं बरीच असतात. बाजूनं येणारी रिक्षा त्यांना दिसत नाही, पायरी चुकते, ताटाशेजारचा तांब्या हात लागून सांडतो. पण भिंतीवरच्या तक्त्याची खालून दुसरी-तिसरी ओळ धडाधड वाचतात आणि कागदावर शून्य टक्के दिव्यांगत्व घेऊन घरी येतात. यात कुणी खोटं बोलत नसतं. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, मधली बरीच उशिरापर्यंत टिकते, आणि तक्ता फक्त मधली नजर मोजतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन मापं आहेत. पहिलं नजरेचं तेज, म्हणजे तक्त्यावरची किती बारीक अक्षरं वाचता येतात ते. ते बऱ्या डोळ्याचं धरतात, तेही योग्य चष्मा लावून. त्यामुळे ‘माझा नंबर उणे अकरा आहे’ याचा इथे काही उपयोग नाही. चष्म्यानं ६/१८ (चांगल्या नजरेला अठरा मीटरवरून दिसतं ते सहा मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसत असेल तर या मापानं पात्रता बसत नाही. दुसरं माप दृष्टिक्षेत्राचं, म्हणजे नजर न हलवता आजूबाजूचं किती दिसतं त्याचं. बऱ्या डोळ्याचं क्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी झालं असेल, तर तक्ता नीट वाचता आला तरी अल्पदृष्टी धरली जाते. काचबिंदू आणि रातांधळेपणाचा आनुवंशिक आजार (रेटिनायटिस पिगमेंटोसा) असणाऱ्यांचा सगळा भार या दुसऱ्या मापावर आहे, आणि नेमका त्याचाच कागद फाइलमध्ये नसतो.

तो कागद म्हणजे फील्ड टेस्ट, म्हणजे परिमेट्रीचा रिपोर्ट. एकच नको, जुने-नवे सगळे न्या. आजार हळूहळू वाढत गेलाय हे सलग रिपोर्टांवरून दिसतं. पण घरोघरी काय असतं? डोळ्यांचा दाब कमी करणाऱ्या थेंबांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि त्या दाबाचे आकडे. डोळ्यांचा दाब कितीही असो, त्यावर टक्के मिळत नाहीत. रिपोर्टवर दोन्ही डोळे वेगवेगळे, नाव आधारप्रमाणे आणि तारीख अलीकडची आहे ना, हे तिथेच काउंटरवर बघून घ्या.

आणखी एक गोष्ट. या तपासणीत मधल्या ठिपक्यावर नजर रोखून बाजूच्या दिव्यांना बटण दाबायचं असतं. पहिल्यांदा बसणारा माणूस हमखास नजर फिरवतो आणि रिपोर्टवर ‘विश्वासार्ह नाही’ अशी खूण येते. असा रिपोर्ट बोर्ड मानत नाही, आणि त्यात त्यांचं चूक नाही. म्हणून बोर्डाच्या आदल्या आठवड्यात पहिल्यांदाच तपासणी करू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर त्या दिवशी फील्ड टेस्टला बसू नका. बोर्ड स्वतःच तपासणी करायची म्हणू शकतो. मग ‘यंत्र आहे, पण चालवणारा रजेवर आहे’ असं ऐकून परत फिरावं लागतं. यावर उपाय मलाही सापडलेला नाही. पुढची तारीख मात्र तोंडी घेऊ नका, कागदावर लिहून घ्या.

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर ३० टक्केच मिळतात. नोकरीतलं आरक्षण आणि बहुतेक योजना ४० टक्क्यांपासून सुरू होतात. कुणी एजंट ‘चाळीस करून देतो’ म्हणाला, तर तुमचे पैसे जातील, वर खोट्या प्रमाणपत्राचा गुन्हा तुमच्याच नावावर येईल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बाकी असेल तर आधी ती करून या म्हणतात. डोळ्यांची स्थिती बदलण्यासारखी असेल तर प्रमाणपत्र मुदतीचं मिळतं. त्यावरची तारीख वाचा. ती संपल्यावर शिष्यवृत्ती अडकलेले विद्यार्थी मी पाहिलेत.

बाकी प्रक्रिया साधी आहे. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो, सही, रहिवासाचा पुरावा. शुल्क नाही. अर्ज राहत्या जिल्ह्यात करता येतो, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथेही. हा दुसरा पर्याय फारसा कुणी सांगत नाही.

टक्के वाढावेत म्हणून काही जण महिनाभर थेंब बंद ठेवतात. हात जोडून सांगतो, असं करू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि बोर्ड तुमच्या दाबाकडे पाहतही नाही.

नकार मिळाला तर कारण लेखी मागा. निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. दिवस निर्णयापासून मोजायचे, कागद तुमच्या हातात पडल्यापासून नव्हे. अपिलासोबत नवा फील्ड रिपोर्ट जोडा. जुनाच जोडलात तर उत्तरही बहुधा जुनंच येतं.