नारळाचं दूध कधी फाटू द्यायचं?

मलाक्का किंवा सिंगापूरच्या पेरानाकन घरात, म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या चिनी वंशाच्या लोकांच्या घरात, लाक्सा (नारळाच्या रश्शातल्या शेवया) शिजत असेल, तर नारळाचं दूध घातल्यावर पातेल्यापासून कोणी हलत नाही. आच मंद करायची, झाकण ठेवायचं नाही, डावाने रस्सा सतत वरखाली करायचा. दूध फाटलं की रस्सा चोथट होतो. पण त्याच घरात रेंडांग, म्हणजे मसाल्यात आटवून कोरडं केलेलं मांस, करायला घेतलं, की तेच दूध कढईत फाटेपर्यंत, त्यातलं तेल वेगळं होईपर्यंत आटवलं जातं. एकाच पदार्थाला एकीकडे सांभाळायचं आणि दुसरीकडे मुद्दाम मोडायचं, हे मलय स्वयंपाकाचं मर्म आहे असं मला वाटतं. आणि त्यामागचं विज्ञान फार देखणं आहे.

ओल्या खोबऱ्यात साधारण 33 टक्के स्निग्धांश असतो आणि जेमतेम 3 टक्के प्रथिनं. खोबरं किसून पिळलं की तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात. तेल आणि पाणी खरं तर एकत्र नांदत नाहीत. इथे प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचं आणि फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं पातळ आवरण असतं, त्यामुळे थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. हे आवरण नाजूक असतं. तापमान 80 अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की नारळातल्या प्रथिनांची घडी उलगडू लागते, ती एकमेकांना चिकटतात आणि त्यांचे गोळे होतात. ढवळत राहिलं तर हे गोळे मोठे होत नाहीत आणि तळ जास्त तापत नाही. म्हणूनच मलय घरांत पातळ दूध आधी घालून त्यात मासे किंवा भाजी शिजवतात आणि पहिलं दाट दूध शेवटी घालतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांनाही हा क्रम चांगला ठाऊक आहे.

आंबट पदार्थाने धोका वाढतो. नारळाच्या दुधाचा सामू (pH) 6 च्या आसपास असतो. तो 4 च्या जवळ उतरला की प्रथिनांवरचा विद्युतभार जवळजवळ संपतो, एकमेकांना दूर ढकलण्याची त्यांची ताकद जाते आणि ती गोळा होतात. मलेशियातल्या नेगेरी सेंबिलान राज्याच्या ‘मासाक लेमाक’मध्ये, म्हणजे हळद आणि झणझणीत मिरच्या घातलेल्या नारळाच्या कालवणात, आंबटपणासाठी ‘आसाम केपिंग’च्या वाळलेल्या चकत्या टाकतात. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं आहे, दोन्ही गार्सिनिया. चकत्या अखंड टाकल्या की आंबटपणा हळूहळू उतरतो आणि चव बेताची झाली की त्या काढून घेता येतात. आपण सोलकढी करतो पण ती उकळत नाही, त्यामागेही हेच रसायन आहे: आम्ल आणि उष्णता एकदम आली की दूध टिकत नाही.

आता दुसरी बाजू. इथे सुरुवात ‘रेम्पा’पासून होते. छोटे कांदे, लसूण, मिरच्या, गलांगल (आल्यासारखा कंद), गवती चहाचा दांडा, ओली हळद, ‘बुआ केरास’ नावाच्या तेलकट बिया आणि ‘बेलाचान’ यांचं हे ओलं वाटण. बेलाचान म्हणजे बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाळवून केलेल्या वड्या. ही कोळंबी आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली. आंबताना तिच्या प्रथिनांचे तुकडे होऊन ग्लुटामेट मोकळं होतं, आणि पदार्थाला जी खोल, भरीव चव येते ती त्याची. भाजताना घरभर वास सुटतो, पण बेलाचान नसलेलं रेम्पा मला अपुरंच वाटतं.

रेम्पा दगडी खलात कुटायचं, आणि तेही क्रमाने: तंतुमय गवती चहा आणि गलांगल आधी, पाणीदार कांदा शेवटी. एकेकाळी न्योन्या घरांत, म्हणजे पेरानाकन बायकांच्या राज्यात, कुटण्याच्या आवाजावरून मुलीची पारख होई असं सांगतात. पारखीचा भाग सोडून द्या, कुटण्याला मात्र अर्थ आहे. खलात पेशी चिरडल्या जातात आणि त्यांच्यातलं सुगंधी तेल बाहेर येतं. मिक्सरमध्ये वाटण फिरावं म्हणून पाणी घालावं लागतं, आणि ते पाणी पुढे परतताना उडवावंच लागतं.

परतणं म्हणजे पाण्याशी चाललेली चढाओढच असते. वाटणात पाणी आहे तोवर तापमान 100 अंशांच्या फारसं वर जात नाही. दिलेली सगळी उष्णता वाफ होण्यात खर्च होते. तोवर रेम्पा फक्त उकडत राहतं आणि कांदा-लसणाचा उग्रपणा जात नाही. पाणी संपत आलं की तेलाला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ते कडेने बाहेर येतं. मलय लोक याला ‘पेचा मिन्याक’ म्हणतात. आपल्याकडे ‘तेल सुटेपर्यंत परता’ म्हणतात, तीच ही खूण. सुटलेल्या तेलाचा रंग पाहावा: हळदीतलं कर्क्युमिन आणि मिरचीतली लाल रंगद्रव्यं पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. मिरचीचा तिखटपणाही तेलातच उतरतो.

रेंडांग मुळात पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं. तिथून स्थलांतरितांबरोबर ते नेगेरी सेंबिलानला आलं आणि पुढे सगळ्या मलय घरांचं झालं. गोमांसाचे मोठे तुकडे, रेम्पा आणि भरपूर नारळाचं दूध कढईत एकत्र चढवायचं आणि तासन्‌तास मंद आचेवर ठेवायचं. रस्सा पातळ असेल तोवर सुमात्रात त्याला ‘गुलाई’ म्हणतात, दाट झाला की ‘कालियो’, आणि कोरडा, गडद तपकिरी झाला की रेंडांग. पहिल्या टप्प्यात पाणी हवंच, कारण मांसातलं चिवट कोलॅजन ओलाव्यात हळूहळू जिलेटिन होऊन मऊ पडतं. मग पाणी आटतं, दूध फाटतं, नारळाचं तेल मोकळं होतं. आता कढईचं तापमान 100 अंशांच्या वर चढू शकतं आणि आतापर्यंत उकडत असलेलं मांस त्याच तेलात तळलं जाऊ लागतं. अमिनो आम्लं आणि शर्करा यांच्यातली मायार अभिक्रिया इथे जोर धरते. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. आपल्या भाकरीवरचे डाग आणि भाजलेल्या कांद्याचा रंग तिचाच. म्हणजे मांस आधी तळून मग शिजवण्याच्या युरोपीय रीतीचा हा उलटा क्रम: आधी उकडणं, मग तळणं, आणि तेल बाहेरून आणायचं नाही, ते दुधातूनच निघतं. पाणी इतकं कमी उरल्याने जिवाणूंची वाढ मंदावते, म्हणून प्रवासाला निघणाऱ्या मिनांगकाबाऊ माणसाच्या शिदोरीत रेंडांग असे.

मलय घरांत शेवटी ‘केरिसिक’ घालतात: खोबरं तांबूस भाजून, खलात तेल सुटेपर्यंत कुटून केलेला गोळा. कोल्हापूर-साताऱ्याकडे भाजक्या सुक्या खोबऱ्याचं वाटण करतात, त्यामागेही हीच अभिक्रिया आहे. केरिसिकने रस्सा मांसाला घट्ट बिलगतो.

घरी करून पाहणार असाल तर खोक्यातलं दूध घेताना घटक वाचा. बहुतेकांत ग्वार गम किंवा पायसीकारक, म्हणजे तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारे पदार्थ, असतात. त्यांच्यामुळे थेंब सहजी एकत्र येत नाहीत. लाक्सासाठी ही सोयच आहे. रेंडांगमध्ये मात्र अशा दुधाचं तेल सुटता सुटत नाही, मिश्रण चिकट राहतं आणि तळाला लागतं. तिथे ताजा नारळ पिळावा, किंवा फक्त नारळ आणि पाणी असलेलं दूध घ्यावं.