चालती करायची की रिस्टोअर करायची? अडकलेल्या पद्मिनीचा हिशोब

ताडपत्रीखाली अर्धवट खोललेली प्रीमियर पद्मिनी ठेवून बसलेला माणूस भेटला की मी आधी विचारतो, आतापर्यंत काय काय झालं? उत्तर जवळपास ठरलेलं असतं. रंग झाला. बंपरला क्रोम झालं. सीटचं रेक्झिन आणून ठेवलंय. आणि ब्रेक? इंजिन? "ते शेवटी घेणार होतो, पण तोवर बजेट संपलं."

बजेट संपलं हे खरंच असतं. पण त्याच्या आधी एक घोळ झालेला असतो. दोन निराळी कामं एकाच नावाखाली गॅरेजवाल्याला सांगितलेली असतात. एक काम म्हणजे गाडी चालती करणं. ती सुरू व्हावी, नीट थांबावी, सरळ चालावी आणि कागदपत्रांसकट रस्त्यावर यावी, बस. दुसरं म्हणजे गाडी रिस्टोअर करणं, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी, स्क्रूच्या डोक्यापर्यंत, परत उभी करणं. दोन्हींत इंजिनाला हात लागतो, दोन्हींत पत्रा ठोकला जातो, म्हणून लांबून ती सारखीच दिसतात. क्रम मात्र उलटा असतो, कारागीर वेगळे असतात आणि पैसा वेगळ्याच ठिकाणी मुरतो.

उदाहरण पद्मिनीचंच घेतो, कारण आपल्याकडे अडकलेल्या जुन्या गाड्यांत तिची संख्या मोठी आहे आणि ती कमी पैशात पुरी होण्याची शक्यताही जास्त आहे. मूळची ही इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती १९६४ पासून डिलाइट म्हणून काढली, सत्तरच्या दशकात ती प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाट्यांचे स्प्रिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. घरच्या पान्यांनी खोलता येते, हीच अडचणही आहे. खोलायला एक रविवार पुरतो, जोडायला नाही.

ब्रेकपासून सुरुवात करू, कारण फरक तिथे लख्ख दिसतो. ड्रम काढा आणि व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबरी बूट नखाने उचलून आत बघा. आत ओलं असेल तर सिलिंडर गळतोय. कोरडं असलं तरी निर्धास्त होऊ नका. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तेच पाणी सिलिंडरला आतून गंज चढवतं. पिस्टन जागेवरच चिकटतो. गाडी चालती करायची असेल तर सिलिंडर खोलायचे, आतली भिंत गुळगुळीत असेल तर आतल्या रबरांचं नवं किट टाकायचं, खड्डे पडले असतील तर सिलिंडरच नवा घ्यायचा. मास्टर सिलिंडरला तोच न्याय. होज पाइप मात्र दिसायला कितीही चांगले असले तरी नवेच घालायचे, कारण जुना होज आतून फुगतो आणि बाहेरून कळत नाही. रिस्टोरेशनमध्ये हे सगळं तर असतंच, शिवाय बॅकप्लेट ब्लास्ट करून रंगवणं, नट-बोल्टना प्लेटिंग, पाइपांची मूळची वळणं जशीच्या तशी काढणं. पेडल दाबल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच अंतरात थांबतात. रिस्टोरेशनचा जास्तीचा सगळा खर्च चाक बसवल्यावर झाकला जातो.

इंजिनाचंही तसंच. "इंजिन उतरवलंय" असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते का उतरवलं याचं उत्तर गॅरेजवाल्याकडे असतं, त्यांच्याकडे नसतं. जाम इंजिन म्हणजे मेलेलं इंजिन नव्हे. चारही प्लग काढून भोकांतून थोडं पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग पान्याने क्रँक पुलीच्या नटवर हलक्या हाताने हलवून बघा. बऱ्याचदा सुटतं. सुटलं की कॉम्प्रेशन गेज लावा. आकडा किती येतो यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांजवळ आहेत का ते बघायचं. एखादा फारच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग झिजल्यात. जागचा हलला नाही तर वॉल्व्ह नीट बसत नाहीये किंवा हेड गॅस्केट गेलंय, म्हणजे फक्त हेड उतरवून भागेल. पाच मिनिटांच्या या तपासणीवर हेडचं काम की फुल इंजिन हे ठरतं, आणि या दोन बिलांत भरपूर अंतर असतं.

रिस्टोरेशन म्हटलं की ही तपासणी कुणी करतच नाही, इंजिन सरसकट पूर्ण उघडलं जातं. तसं करायचंच असेल तर लेथवाल्याकडे ब्लॉक आधी मोजायला द्या. कंपनीचा बोअर, म्हणजे सिलिंडरच्या भोकाचा व्यास, ६८ मिलिमीटर. गाडी पूर्वी टॅक्सी म्हणून धावलेली असेल तर बोअर एकदोनदा वाढवलेलाही असू शकतो. अजून एका ओव्हरसाइजला, म्हणजे आणखी थोडं मोठं करायला, जागा असेल तर त्या मापाचे पिस्टन मिळतात का ते विचारून मगच बोअर मारायचा. जागा नसेल तर स्लीव्ह, म्हणजे आत नवी नळी, टाकून पुन्हा मूळ मापावर येता येतं. पिस्टन हातात यायच्या आधी बोअर मारू देऊ नका. बोअर मारलेला ब्लॉक आणि न मिळणारे पिस्टन ही जोडी मी एकापेक्षा जास्त गॅरेजांत कोपऱ्यात पडलेली पाहिली आहे.

पेट्रोलचं एक नवं दुखणं दोन्ही कामांना लागू आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप, एसी पंपाचा (म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा) डायफ्राम, कार्ब्युरेटरची गॅस्केटं हे काही त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून असं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की टाकी आतून गंजते. टाकी उतरवून धुऊन घ्या, इथेनॉलला टिकणारे पाइप टाका आणि गाडी तयार होईपर्यंत टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

आता पत्रा. इथे माझं मत जरा कडक आहे.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दरवाजांखालच्या पोकळ पट्ट्या आणि बाजूचे खांब मिळूनच गाडीचा भार पेलतात. म्हणून दरवाजाखालचा गंज आणि बॉनेटवरचा गंज एकाच रांगेत मोजायचे नाहीत. बॉनेटचा गंज दिसण्याचा प्रश्न आहे, तो रिस्टोरेशनच्या वहीत लिहा आणि विसरा. दरवाजाखालचा गंज हा गाडी चालती करण्यातला पहिला खर्च आहे, तो टाळता येत नाही.

तपासायला मॅकॅनिक लागत नाही. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक खालच्या पट्टीवरून फिरवा. जिथे पकड सुटते तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग आतल्या बाजूचं मॅटिंग उचलून फ्लोअरच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. चांगला पत्रा टणक लागतो, सडलेला कुरकुरत आत जातो. शेवटी एका बाजूचा जॅक लावून पुढचं चाक उचला आणि त्याच बाजूचा दरवाजा उघडून परत लावून बघा. उघडताना अडकला किंवा लागेनासा झाला तर बॉडी वाकतेय, म्हणजे आतल्या पट्ट्यांत दम उरलेला नाही. अशा गाडीवर रंगाचा एक थेंबही घालवू नये. आणि त्या पट्ट्या कापण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून ती बांधून घ्यायची, हे पत्राकामवाल्याला तुम्ही स्वतः सांगा. नाहीतर नवी पट्टी बसते आणि दरवाजा जन्मात बसत नाही.

अडकलेल्या गाड्यांचा आणखी एक शत्रू म्हणजे लाल प्रायमर. पत्रा घासून रेड ऑक्साइड मारला आणि काम थांबलं, असं चित्र घरोघरी आहे. साधा रेड ऑक्साइड पाणी अडवत नाही, ओल त्यातून आत उतरते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या एका पावसाळ्यात त्याच्याखाली पुन्हा गंज धरतो आणि आधीची मजुरी फुकट जाते. काम लांबणार असं वाटलं तर दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर मारून ठेवा. महाग आहे, पण गाडी उभी राहिली तरी पत्रा टिकतो. अखेरचा रंग दोन वर्षांनी द्या, काही बिघडत नाही. आणि तो देताना मेटॅलिकच्या नादी लागू नका. या गाड्यांना साधा एकरंगी रंगच शोभतो आणि पुढे ओरखडा आला तर तेवढ्यापुरता जुळवताही येतो.

सुट्या भागांची गंमत अशी की चालती करायला लागणारे भाग मिळतात, रिस्टोरेशनला लागणारे छळतात. लायनर, किट, क्लच प्लेट, पॉइंट, कंडेन्सर, वॉटर पंप, किंगपिनचा सेट ही टॅक्सीवाल्यांची रोजची खरेदी होती, त्यामुळे माल भरपूर निघाला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे दुकानदार आता नवा साठा भरताना हात आखडतात. तरी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत, आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात चिकाटीने फिरणाऱ्याला अजून माल सापडतो. बुश, पिन, शाफ्ट असल्या वस्तू नमुना देऊन लेथवर करून मिळतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काम करणारे हात अजून आहेत. याउलट त्या त्या सालची पुढची जाळी, मीटर, दरवाजाच्या मुठी, काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या यांना लेथचा उपयोग नाही. त्या जुन्या गाडीतूनच काढाव्या लागतात.

म्हणूनच रिस्टोअर करणाऱ्याने स्पेअरसाठी आख्खी दुसरी गाडी घेणं हिशोबात बसतं. चालती करणाऱ्याने तो मोह टाळावा. मी पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या दारात त्यामुळे एकाच्या दोन अडकलेल्या गाड्या झाल्या आहेत.

मजुरीचं बोलायचं तर पूर्ण गाडीचा ठेका देऊ नका. एकरकमी ठेक्यात पहिला हप्ता गाडी खोलण्यात जातो आणि दुसरा नव्याने निघालेल्या गंजात. कामाचे तुकडे करा: आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग इंजिन आणि कूलिंग, मग वायरिंग. एक तुकडा तपासून पैसे दिल्यावरच दुसरा सुरू. माल स्वतः आणून द्या. खोलणं, घासणं, पार्ट धुणं, पिशव्यांवर नावं लिहिणं हे स्वतः करा, त्याला कौशल्यापेक्षा वेळ लागतो. वेल्डिंग, बोअर आणि रंग या तीन ठिकाणी मात्र हात आखडू नका.

कागदांतही हाच गोंधळ होतो. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या आणि मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोय आहे. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेली गाडी त्यात बसत नाही, आणि बसली तरी रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती बाहेर काढता येते. दर रविवारी घरच्यांना घेऊन भटकायचं असेल तर साधं आरसी नूतनीकरणच हवं. ते पाच-पाच वर्षांचं असतं, आणि ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये फी आहे. पर्यावरण कर आणि उशीर झाला असेल तर त्याचा आकार निराळा. स्वस्तात पडतं म्हणून दुसऱ्या कंपनीचं इंजिन टाकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, आरसीवर त्या बदलाची नोंद लागते आणि व्हिंटेजचा दरवाजा त्याच दिवशी बंद होतो.

आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाचा अर्ज, फॉर्म ३१, गाडीला पाना लावायच्या आधी भरा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी जुळवून बघा. गाडी पुरी झाल्यावर नंबर जुळत नाही हे कळणं फार महागात पडतं.

सगळ्या गाड्या चालत्या होत नाहीत हेही सांगायला हवं. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या, फ्लोअर आणि मागच्या पाट्यांच्या बैठका असं सगळंच सडलं असेल, आणि गाडीशी घरचं नातं नसेल, तर ती स्पेअरसाठी दुसऱ्या पद्मिनीवाल्याला देणं चांगलं. चांगली काच, मीटर, जाळी आणि गिअरबॉक्स यांना गिऱ्हाईक मिळतं, आणि त्या पैशात तुमच्याच दुसऱ्या गाडीचे ब्रेक होऊ शकतात. फक्त गाडी मोडीत निघाल्याचं आरटीओला कळवून तिची नोंदणी मोटर वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली रद्द करून घ्या. चासी नंबराचा तुकडा कुणालाही सुटा देऊ नका.