काउन्सिलकडे तक्रार की कंझ्युमर केस? डॉक्टरचं गैरवर्तन वेगळं आणि हलगर्जीपणा वेगळा

ऑपरेशन बिघडलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "ह्या डॉक्टरचं लायसन्सच काढून घ्यायला पाहिजे", मग मेडिकल काउन्सिलला (डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था) पाच पानी अर्ज जातो आणि त्याच्या शेवटी लिहिलेलं असतं की आम्हाला दहा लाख भरपाई मिळावी. माझ्या आत्याच्या वेळी आम्हीपण हेच केलं. काउन्सिल एक रुपया मिळवून देऊ शकत नाही, तिला तो अधिकारच नाही, हे कळेपर्यंत आमचं दीड वर्ष गेलं होतं.

महाराष्ट्र मेडिकल काउन्सिल चालते राज्याच्या 1965 च्या कायद्यावर. त्यातल्या कलम 22 खाली चौकशी करून डॉक्टरला ताकीद देता येते, काही काळासाठी सस्पेंड करता येतं, नाहीतर रजिस्टरमधून नावच काढता येतं. कारण एकच, गैरवर्तन. म्हणजे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असणं, किंवा डॉक्टरी पेशाला न शोभणारं वागणं. असं वागणं कोणतं ते 2002 च्या आचारसंहितेत लिहिलंय (2023 मध्ये नवीन नियम आले होते पण त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणून जुनेच लागू आहेत). पेशंट पाठवण्याचं कमिशन घेणं, ज्याला आपण कट प्रॅक्टिस म्हणतो ते, खोटं सर्टिफिकेट देणं, स्वतःची जाहिरातबाजी, गर्भलिंग तपासणी, पेशंटशी अनैतिक संबंध, पेशंटने मागितल्यावर 72 तासांत केसपेपर न देणं.

ह्या यादीत पेशंटचं नुकसान झालं पाहिजे अशी अट कुठेच नाही, लोक इथेच चुकतात. समजा फॅमिली डॉक्टरने कमिशन घेऊन तुम्हाला सर्जनकडे पाठवलं आणि ऑपरेशन एकदम छान झालं, तुम्ही ठणठणीत, तरी ते गैरवर्तनच.

हलगर्जीपणाचं उलट आहे. तिथे डॉक्टरने पुरेशी काळजी घेतली नाही आणि त्याच्यामुळेच नुकसान झालं, हे दोन्ही दाखवावं लागतं. रिझल्ट वाईट आला एवढ्यावर भागत नाही. 1953 मध्ये कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर एका विशीतल्या मुलाची मांडी मोडली, त्याला पुण्याला आणलं, तिथे नीट भूल न देता जोर लावून पाय ओढून हाड बसवलं आणि तो मुलगा गेला. आईवडिलांनी सिव्हिल कोर्टात दावा लावला, सुप्रीम कोर्टाचा निकाल 1968 चा, भरपाई 3000 रुपये. रक्कम वाचून आज पोटात कालवतं, पण पेशंट हातात घेतला की डॉक्टरवर कोणती जबाबदारी येते ह्यासाठी वकील आजही हीच केस काढतात.

1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात आले. बिल 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जायचं, म्हणजे बहुतेक सगळ्यांना तिथेच. जिथे सगळ्यांवरच फुकट उपचार होतात असं सरकारी हॉस्पिटल ह्यात येत नाही.

आयोगात तक्रार करायची मुदत मात्र दोन वर्षं, आणि काउन्सिलकडे अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. आयोग सबळ कारण असेल तर उशीर माफ करू शकतो, पण त्याच्या भरवशावर कृपा करून राहू नका.

कधीकधी दोन्ही एकत्र असतात. पेशंट अत्यवस्थ आहे हे माहीत असून डॉक्टर मुद्दाम फिरकलाच नाही, तर आचारसंहितेप्रमाणे तेही गैरवर्तन ठरतं आणि भरपाईचा दावाही होतो. अशा वेळी दोन वेगळे अर्ज करा. काउन्सिलच्या अर्जात वागणं काय होतं ते तारखेसकट लिहा, आयोगाच्या अर्जात नुकसान आणि बिलं. आणि आधी डॉक्टरच्या पॅडवरची डिग्री बघा, कारण ही काउन्सिल फक्त ॲलोपॅथीची, आयुर्वेद, होमिओपॅथी, डेंटल, नर्सिंग ह्यांच्या काउन्सिली वेगळ्या आहेत.