नायक नाकारणाऱ्या कादंबरीतला डॉबिन

विल्यम मेकपीस थॅकरे यांची ‘व्हॅनिटी फेअर’ जानेवारी १८४७ पासून मासिक भागांत प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा ती इंग्रज समाजाची शब्दचित्रे आणि रेखाचित्रे असल्याचे तिचे उपशीर्षक सांगत होते. १८४८ मध्ये पुस्तक निघाले, ते ‘नायक नसलेली कादंबरी’ या नव्या उपशीर्षकासह. विल्यम डॉबिन हाच तिचा खरा नायक, हा पुढे वारंवार मांडला गेलेला दावा या नकाराला दिलेले उत्तर आहे.

नकाराला तशी कारणे होती. गुन्हेगारांना नायकपदी बसवणाऱ्या कादंबऱ्यांची थॅकरे यांनी आधीच टर उडवली होती, १८४० मध्ये विचारवंत थॉमस कार्लाइल यांनी लंडनमध्ये वीरपूजेवर व्याख्याने दिली होती आणि वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला हरवणारा सेनापती वेलिंग्टन अजून हयात होता. अशा काळात थॅकरे यांनी वॉटर्लूची लढाई जवळजवळ पडद्याआड ठेवली आणि देखणा जॉर्ज ऑस्बोर्न तिथे मारला गेल्याचे एका वाक्यात उरकले.

डॉबिन मात्र किराणा व्यापाऱ्याचा मुलगा. त्याची फी चहा, साखर, साबण अशा मालाच्या रूपाने भरली जाते, हे वडिलांच्या दुकानाची गाडी शाळेच्या दारात रिकामी होताना पोरांनी पाहिले आणि त्याची टिंगल सुरू झाली. तरीही लहानग्या जॉर्जला बडवणाऱ्या दांडगट कफशी भिडला तो हाच. पुढे जॉर्जशी लग्न ठरलेल्या आणि डॉबिनचे मनोमन प्रेम असलेल्या अमेलियाच्या वडिलांचे दिवाळे निघून घरातल्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा तिचा पियानो त्याने विकत घेऊन तिच्याकडे पोहोचवला. तो जॉर्जने पाठवला असे ती समजली आणि डॉबिनने अनेक वर्षे तिचा गैरसमज दूर केला नाही.

हे मौन थोरपणाचे खरे, पण माझ्या मते निर्दोष नव्हे, कारण जॉर्जला लग्नासाठी तयार करणाराही डॉबिनच होता आणि त्या पोकळ माणसाची मूर्ती अमेलियाच्या मनात त्याच्याच हातभाराने टिकली. मद्रासहून परतल्यावर अखेर, तू माझ्या प्रेमाच्या योग्यतेची नाहीस, असे तो तिला तोंडावर सुनावतो. ती नंतर त्याला बोलावून घेते आणि त्यांचे लग्नही होते. पण तेव्हाही थॅकरे तिला खडबडीत जुन्या ओक वृक्षाला बिलगणारे बांडगूळ म्हणायला विसरत नाहीत. शेवटी डॉबिन पंजाबचा इतिहास लिहीत असतो आणि आपल्यापेक्षा मुलीवरच त्याचा जीव अधिक, असे अमेलियाला वाटत राहते.