रात्री दहानंतरचा गोवा: एका निकालाची पार्श्वभूमी

गोव्यातली टेक्नोची, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या ठेकेदार नाचसंगीताची, रात्र आज चार भिंतींच्या आत का रंगते, हे समजायचे तर रात्रीच्या लाउडस्पीकरबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली दिलेल्या एका निकालाकडे जावे लागते.

त्याआधीचा काळ सर्वश्रुत आहे. हिप्पी आले, हणजूण-वागातोरला पौर्णिमेच्या पार्ट्या सुरू झाल्या, ऐंशीच्या दशकात गिटारची जागा सिंथेसायझरने घेतली. उन्हात तबकड्या वाकत, म्हणून डीजे कॅसेटवर आणि पुढे डॅट (डिजिटल ऑडिओ) टेपवर वाजवत. नव्वदच्या दशकात या पार्ट्यांतून घडलेले गोवा ट्रान्स हे इलेक्ट्रॉनिक संगीत जगभर गेले. या रात्री उघड्यावरच्या होत्या. कडेला गावातल्या बायका चटया अंथरून, दिव्याच्या उजेडात चहा-ऑम्लेट विकत आणि पहाटे चार पैसे घेऊन घरी जात.

एका 13 वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. लाउडस्पीकरच्या गोंगाटात तिच्या किंकाळ्या कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. 18 जुलै 2005 चा निकाल ज्या याचिकेतून आला, तिच्यामागे ही घटना होती. गोव्यात निकालावर वाद घालताना तिची आठवण क्वचितच निघते. निकालाने लाउडस्पीकरवरची रात्री 10 ते सकाळी 6 ही बंदी पक्की केली. मुळात ती 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमावलीत होतीच, अंमल मात्र ढिला होता. सण-उत्सवांसाठी वर्षातून 15 दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ग्राह्य धरली. जत्रेतल्या दशावताराला मध्यरात्र पुरत नाही. दिवाळीच्या तोंडावर नरकासुराच्या रात्री मात्र वाड्यावाड्यांवर पहाटेपर्यंत ट्रान्स दणाणतो आणि सगळे कानाडोळा करतात.

खरा गुंता आहे तो 'बंदिस्त जागे'चा. नियमाने सभागृहे, परिषदगृहे, मेजवानीची दालने अशा जागांना आतल्या आत वाजवायची मुभा दिली. रात्रीच्या अंडरग्राउंड क्लबांना हीच फट सापडली. पण बंदिस्त म्हणजे किती बंदिस्त? वर पत्रा आणि तीन बाजूंना भिंत असली की पुरे? ताडपत्री चालेल? उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या तक्रारी वर्षानुवर्षे याच प्रश्नाभोवती फिरत आहेत. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, पण ती ज्या ए-मापात मोजतात ते खर्जातल्या आवाजाला फार कमी वजन देते. टेक्नोचा सगळा जोर तर खर्जात. मीटरवर आकडा माफक दिसतो आणि शेजारच्या घरातली खिडकीची तावदाने थरथरतात. म्हाताऱ्या माणसांच्या घरात ही थरथर रात्रभर चालते, आणि तक्रार करणाऱ्यालाच पर्यटनाचा शत्रू ठरवले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

बंदीचा फायदा कोणाला झाला, हेही पाहावे. भिंती बांधायला, ध्वनिरोधक अस्तर लावायला भांडवल लागते. ज्यांच्याकडे ते होते त्यांनी दार बंद करून तिकीट लावले. चटईवरच्या चहावाल्या बायकांना त्या दाराच्या आत जागा नव्हती. दक्षिण गोव्यात, काणकोणातल्या पाळोळेला वेगळीच वाट निघाली: नाचणाऱ्यांच्या कानाला हेडफोन, समुद्रकिनारा शांत. गावाला त्रास न देता पहाटेपर्यंत नाचता येते, हे तिथे दिसले. बार्देशात ते फारसे रुजले नाही, कारण छातीवर आदळणारा खर्ज हेडफोनमध्ये मिळत नाही.

2007 पासून कांदोळीला मोठे संगीत महोत्सव भरू लागले आणि वादाचा रोख तिकडे वळला. लहान क्लब नजरेआड राहिले. मग डिसेंबर 2025 मध्ये हडफडे इथल्या एका नाइट क्लबला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागली. 25 जण गेले, त्यांत बहुतेक तिथे राबणारे कर्मचारी. त्यानंतर परवाने आणि बाहेर पडण्याच्या वाटांची चर्चा सुरू झाली. ध्वनी नियमावली बंदिस्त जागेकडे फक्त आवाजाच्या अंगाने पाहते. आत माणसे किती, दारे किती, हे तपासायचे काम दुसऱ्या खात्यांकडे असते.