बर्नआउटने फक्त टायर झिजतात?

बर्नआउट म्हणजे गाडी जागेवर धरून चाकं गरागरा फिरवायची, टायरमधून धूर निघेपर्यंत. ‘परफॉर्मन्स (जोरदार इंजिनाची) गाडी दणकट असते, बर्नआउट मारला तर फार तर टायर जातील,’ असं वर्षानुवर्षं फॉरवर्ड होत आलंय. अर्धं खरं आहे.

चाकं कोरड्या रस्त्यावर एकसारखी फिरत राहिली, तर इंजिनची बरीचशी ताकद टायर तापवण्यातच जाते. गिअरबॉक्सला मोठा झटका बसत नाही. झटका बसतो तो चाकाने अचानक पकड घेतली की. पकड-सुटका-पकड असं होऊन मागची चाकं धडधड उड्या मारायला लागली, तर अ‍ॅक्सल आणि डिफरन्शियलवर (इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरवर) घणाचे घाव बसतात. तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडायचा. मोडतोड बहुतेक इथेच होते.

दुसरं, ब्रेक. पेडल दाबून गाडी धरली की मागचे ब्रेकही लागतात आणि चाकं त्यांच्याशी झगडत फिरतात. पॅड, डिस्क भाजून निघतात. हे टाळायला लाइन-लॉक नावाची सोय असते; तो फक्त पुढचे ब्रेक धरतो. 2015च्या फोर्ड मस्टँग जीटीत तो कंपनीनेच दिला, पण ट्रॅकपुरता. ड्रॅग रेसवाले (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीतले) स्लिक, म्हणजे खाचा नसलेले, टायर तापवायला काही सेकंदच चाकं फिरवतात. रस्त्याच्या टायरला त्याचा फारसा उपयोग नाही.

बर्नआउटने गाडीचं नुकसान झालंय का, हे तपासायचं कसं? मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये 2000 आरपीएमला पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढला पण वेग तसाच राहिला, तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिकमध्ये ऑइल काळपट, जळक्या वासाचं झालंय का बघा. मागच्या पॅडची जाडी आणि अ‍ॅक्सलच्या रबरी आवरणाबाहेर (बूट) उडालेलं ग्रीसही पाहून घ्या.