परिणाम-अहवाल हवाय? मग काम सुरू करण्याआधी या
(संस्थांचे सचिव आणि प्रकल्प समन्वयक यांच्यासाठी)

आम्ही संस्थांना परिणाम-अहवाल, म्हणजे कामामुळे काय बदललं याचा अहवाल, तयार करून देतो. फेब्रुवारी उजाडला की एकच फोन येत राहतो : "देणगी देणाऱ्या कंपनीनं परिणाम-अहवाल मागितलाय, आठवड्यात होईल का?" सोबत फोटोंचा पेनड्राइव्ह, हजेरीपट आणि पेपरातली कात्रणं. एवढ्यावर कार्यअहवाल होतो, म्हणजे काय काय केलं ते सांगता येतं. परिणाम दाखवायचा तर आधी काय स्थिती होती ते लागतं, आणि नेमकं तेच कुठे लिहिलेलं नसतं.

सगळा वेळ इथेच जातो. अभ्यासिकेतली बरीच मुलं मार्चमध्ये गोष्ट वाचतात. छान. जूनमध्ये किती वाचत होती? ताई म्हणतात, "फारच थोडी." हे कोष्टकात कसं भरायचं? अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट यांपैकी मूल कुठवर वाचतं, एवढी खूण प्रत्येकाच्या नावापुढे जूनमध्येच केली असती तर भागलं असतं. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी पाहणीतही असेच टप्पे असतात, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. पाणलोटाचंही तेच. मे महिन्यात विहिरीत दोर सोडून पातळी मोजा, काठावर रंगाची खूण करा, पुढच्या मेमध्ये त्याच खुणेपासून मोजा. त्या वर्षीचा पाऊसही लिहा, नाहीतर पावसाचं श्रेय बंधारा खातो.

"मागच्या तारखांच्या नोंदी तुम्हीच भरा ना," असं सुचवलं जातं. ते आम्ही करत नाही. त्यापायी काही कामं हातची गेली, जाऊ देत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांच्या घरगुती देखभालीचं काम १९९५ मध्ये सुरू केलं, पण जन्म-मृत्यूच्या नोंदी १९९३ पासून ठेवल्या होत्या, ३९ गावांत आणि तुलनेसाठी आणखी ४७ गावांत. म्हणून तर हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५च्या आसपास आला, हे ठामपणे सांगता आलं. तो संशोधनाचा पसारा होता. तुम्हाला एक वही पुरते.

नव्या प्रकल्पात आम्ही पहिली भेट काम सुरू होण्याआधी मागतो आणि तिचे पैसे वेगळे लावतो. यावर कुरकुर होते. पण त्याच दिवशी मोजण्याजोग्या तीन-चार गोष्टी ठरतात, रकाने आखले जातात आणि ज्या ताई वही भरणार त्यांच्याकडूनच दोन पानं भरून घेतली जातात. त्या अडखळल्या तर रकाना काढून टाकतो. हा खर्च प्रस्तावातच दाखवा. आधी मागितला तर देणगीदार सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रकल्प अर्ध्यावर असेल तर आजची स्थिती नोंदवा आणि अहवालात आजचीच तारीख टाका. तेवढ्यावरही बरंच करता येतं.

ऑडिट आणि धर्मादाय कार्यालयाचे बदल अर्ज तुमच्या सीएंकडेच राहू द्या.

जूनच्या प्रकल्पांसाठी एप्रिलमध्ये फोन करा. मे महिन्यात आम्ही विहिरी मोजत फिरत असतो, फोन लागेलच असं नाही.